दुभाषीची सुट्टी

भिवंडीला फिरायला म्हणून कुणी येत नाही. येतात ते कापडाच्या कामाला, गोदामात माल चढवायला-उतरवायला, नाहीतर नाशिकला जाताना वाटेत अडकून पडायला. मीही फिरायला गेले नव्हते. अंजूर हे भिवंडीजवळचं खाडीकाठचं गाव माझं माहेर, आणि गेली वीसेक वर्षं मी जपानमधल्या हामामात्सु या शहरात राहते. माहेरी जाऊन आल्याचं प्रवासवर्णन कुणी लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या खेपेला माझा नवरा केंजी बरोबर होता आणि जे झालं ते परक्या भाषेत संसार करणाऱ्या कुणाला तरी सांगावं असं परत आल्यापासून वाटत राहिलंय.

थंडीच्या सुरुवातीला दादाचा फोन आला. दिवाळीआधी बाबांना लकव्याचा झटका आला होता, हे मला माहीत होतं. हातपाय बरेचसे सुधारले होते.

"पन बोलत न्हायत गो," दादा म्हणाला. "एकच शब्द हाय, 'चला'. पानी पायजे तरी चला, राग आला तरी चला. आता तेबी कमी झालंय. भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हातात. जेवत न्हायत धड. तू ये."

माझ्या बाबांनी, शांताराम त्यांचं नाव, आयुष्यभर भिवंडीत टेम्पो चालवला. सुताच्या गोण्या न्यायच्या, कापडाचे तागे आणायचे. यंत्रमागवाल्यांशी उर्दू मिसळलेली हिंदी, तेलुगू कामगारांशी मोडकं तेलुगू, गुजराती शेठजींशी चार वाक्यं गुजराती, घरी आमची गावची बोली. यातली एकही भाषा ते कुठे शिकायला गेले नव्हते आणि कुठल्याही भाषेत त्यांचं अडत नव्हतं. असा माणूस एका शब्दावर आला होता.

मी तिकीट बघायला बसले तर केंजी म्हणाला, "मीही येतो."

मला नवल वाटलं. लग्नाच्या वेळी तो एकदाच अंजूरला आला होता आणि चार दिवस नुसता हसत बसला होता. केंजी पियानो जुळवून देतो. घरोघरी, शाळांमध्ये जाऊन एकेक सूर जागेवर आणायचा, हे त्याचं काम. चूक त्याच्या कानाला टोचते. शाळेत तो कित्येक वर्षं इंग्रजी शिकलाय, पण एक वाक्य मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "अर्धवट बोलून समोरच्याला कशाला त्रास द्यायचा?" असं त्याचं म्हणणं. तिकडे असं वाटणारे पुष्कळ आहेत. भाषा येते म्हणजे बिनचूक येते. तोवर गप्प बसावं, यात त्यांना नम्रपणा वाटतो.

आणि माझी गोष्ट उलटी. मी तिथे कारखान्यांत आणि दवाखान्यांत दुभाषीचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी आणि तक्रारी या भाषेतून त्या भाषेत नेऊन ठेवायच्या. घरी आले की जेवताना केंजी माझं जपानी दुरुस्त करतो. रागाने नाही, अगदी हळू. "इथे 'वा' नाही, 'गा' येईल." दोन्ही प्रत्यय एवढे एवढेसे. वीस वर्षांनंतरही माझे ते चुकतात. आणि बाहेर दुकानात, बँकेत, कुणीही नवा माणूस भेटला की तोंडभरून म्हणतो, "तुमचं जपानी किती छान आहे हो!" पहिल्या वर्षी हे ऐकून मी फुलून जायचे. आता ते ऐकलं की थकायला होतं. कारण जे तिथलेच आहेत त्यांना असं कुणी म्हणत नाही.

संध्याकाळी माझा जबडा दुखतो. हे मी कुणाला सांगत नाही.

तर तिकीट दोघांचंही जाण्यायेण्याचं काढलं. पण मला इतक्यात परतायचं नव्हतं, आणि हे मी केंजीला सांगितलं नव्हतं.

अंजूर

गाव ओळखू येईना. जिथे भाताची खाचरं होती तिथे निळ्या पत्र्यांची गोदामं. रस्त्यावर कंटेनर एकामागे एक उभे. आमच्या घराच्या मागे मात्र अजून थोडी जमीन आहे, तिथे दादाने वाल लावले होते.

बाबा खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. मला पाहून त्यांचा चेहरा हलला, ओठ हलले, आणि शब्द बाहेर आला तो "चला". त्यांनाच तो नको होता. त्यांनी मान झटकली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "चला". मग डोळे मिटून घेतले.

"पानी पायजे? चा पायजे? मनी आली म्हनून आनंद झाला ना?" वहिनी एका दमात म्हणाली. दादा म्हणाला, "त्यांना पडायचं आसंल." मी म्हणाले, "बाबा, दमलात ना?" तिघांनी मिळून त्यांच्या तोंडी तीन वाक्यं घातली. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांची रीघ लागली. बाबांना बघायला येत होते की जावयाला, कोण जाणे. ओट्यावर केंजीला मधोमध खुर्चीवर बसवलेलं, आणि मी त्याच्या बाजूला उभी.

"त्याला इचार, तिकडं भात खातात का?"

"त्याला इचार, भूकंप रोज व्हतो का?"

"त्याला सांग, आमचा शांताराम लय बोलका मानूस व्हता."

केंजी मला म्हणे, "त्यांना सांग, आभारी आहे." मग जरा वेळाने, "मी नीट बसलोय ना, विचार."

मी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. त्यातच बाबांच्या मौनाचंही भाषांतर सगळे माझ्याकडेच मागायचे. "तू शिकलेली, तुला कळत आसंल."

शेजारची जनाकाकू माझं बोलणं टक लावून ऐकत होती. मी तिला म्हटलं, "काकू, बरं आहे ना सगळं?" तर ती पदर तोंडाला लावून हसली. "आहे? आय गो, ही तर टीव्हीतल्या बाईसारकी बोलते!" आणि मग माझी समजूत काढायला म्हणून प्रेमाने म्हणाली, "पन येवडी वर्सं भायेर राहून तुजी मराटी अजून किती चांगली हाय गो!"

मी हसले. मग घरात जाऊन मोरीत तोंड धुतलं.

केंजीला एका गोष्टीचं भारी कुतूहल होतं. "इथले लोक प्रत्येक गोष्टीला होकार का देतात?" आधी मला कळेचना. मग लक्षात आलं. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'. आमच्या गावात वाक्याच्या शेवटी 'हाय'. हा माणूस दोन दिवस समजत होता की भोवतालचे सगळे सारखे 'हो, हो' म्हणताहेत. मी सांगितलं तेव्हा तो खूप दिवसांनी मोठ्याने हसला.

जेवणाची पंचाईत वेगळीच. त्याच्या घरी ताटात काही टाकणं म्हणजे रांधणाऱ्याचा अपमान. आमच्या घरी ताट रिकामं दिसलं की वाढायचं, नाही वाढलं तर पाहुण्याचा अपमान. त्यामुळे तो संपवतोय आणि वहिनी वाढतेय, असं चालू होतं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. मी शेजारी असले की "पुरे म्हणतोय तो" असं सांगून सोडवायचे. तिसऱ्या दिवशी मला दुपारी ताप चढल्यासारखं झालं आणि मी आतल्या खोलीत झोपून गेले. जाग आली ती वहिनीच्या ओरडण्याने.

"मनी, ऊठ! जावाय बोल्ला!"

झालं होतं असं की चौथी भाकरी ताटात पडल्यावर केंजीने दोन्ही हात ताटावर आडवे धरले होते आणि रडवेल्या तोंडाने म्हणाला होता, "बास!" दादाचं ऐकून ऐकून उचललेला शब्द. वहिनीला त्याचं इतकं कौतुक वाटलं की त्या आनंदात तिने त्याला आणखी अर्धी भाकरी वाढली.

त्या दुपारपासून वहिनी त्याला एकेक शब्द देऊ लागली. पानी, मीठ, गरम, पाय, हात. माझ्या मागे, स्वयंपाकघरात. माझ्यासमोर तो बोलायचा नाही.

भिवंडी

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई भिवंडीत एका दवाखान्यात यायच्या. आम्ही दादाच्या रिक्षाने गेलो. खालच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमाग चालू. खटाखट खटाखट, बोललेलं ऐकू येत नाही. बाबांना जिना चढवताना केंजी मागे राहिला. बघते तर एका कारखान्याच्या दारात उभा राहून तो डोळे मिटून ऐकतोय. आत एका मागावरचा कामगार त्याच्याकडे बघून हसला, हाताने 'या' म्हणाला. केंजी वाकून नमस्कार करून पळत आला.

"ते सगळे एका लयीत नाहीत," मला म्हणाला. "तरी कुणाला त्रास होत नाही."

बाई तरुण होत्या, कल्याणच्या. त्यांनी बाबांपुढे पेला, चमचा, किल्ली ठेवली. बाबा म्हणाले, "चला." दादा म्हणाला, "पेला, बाबा, पेला." मी म्हणाले, "पाण्याचा, बाबा."

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. "यांच्या डोक्यात शब्द आहेत. तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. तुम्ही मधेच उचलून देता. सुरुवातीच्या या महिन्यांत त्यांनी प्रयत्न करणं सोडलं, तर पुढे फार जड जाईल. ते आता सोडायच्या बेतात आहेत. तेव्हा शब्द देऊ नका. थांबा."

खाली उतरल्यावर केंजीने विचारलं, "त्या शेवटी 'थांबा' म्हणाल्या. कशासाठी?"

मी सांगितलं.

कोपऱ्यावर बाबांचे जुने दोस्त युसूफचाचा यांचा छोटासा कारखाना आहे. बाबांनी वर्षानुवर्षं त्यांचं सूत वाहिलं. चाचांनी खुर्च्या मागवल्या, चहा मागवला, बाबांचा हात हातात घेतला. "शांताराम, बोल ना रे कुछ. मेरे को गाली तो दे." बाबांचे डोळे भरून आले. "चला," ते म्हणाले. "हां हां, चलेंगे, कहाँ चलेंगे, पडघा चलेंगे, वो ढाबे पे चलेंगे," चाचा बोलत सुटले. त्यांनाही थांबवेना.

मग डोळे पुसून ते केंजीकडे वळले. "जमाईबाबू, हिंदी आती है?"

केंजीने मान हलवली.

"कोई बात नहीं. हिंदी हमको बी नहीं आती. भिवंडी की आती है."

मी याचं जपानी केलं. केंजीला ते चेष्टा म्हणून कळलं. परतताना रिक्षात म्हणाला, "वहिनी भाजीवाल्याशी हिंदी बोलतात, ती बरोबर असते का?"

"अजिबात नाही."

"आणि त्याची?"

"त्याचीही नाही."

अकलोली

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत लकव्याला उतार पडतो, असं आमच्याकडे मानतात. डॉक्टर म्हणाले, फायदा होईलच असं नाही, पण थोडा वेळ न्यायला हरकत नाही. दादाने एक गाडी मागून आणली आणि आम्ही चौघं निघालो. वहिनी घरी राहिली. वाटेत रस्ता असा की गाडीपेक्षा चालणं बरं. मात्र वज्रेश्वरी जवळ आली तशी गोदामं मागे पडली, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, कुठे पेंढ्याची उडवी, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका. केंजी खिडकीला नाक लावून बसला होता. गरम पाण्याचं नाव काढल्यापासून त्याच्यात जीव आला होता. त्याच्या देशात अशी कुंडं गावोगाव आहेत, आणि त्यांचे नियमही आहेत. आधी साबणाने अंग धुवायचं, मग कपडे न घालता शांतपणे पाण्यात शिरायचं, आवाज करायचा नाही.

"इथले नियम काय?" त्याने चारदा विचारलं.

"चड्डी घालायची," मी म्हणाले. बाकीचे मलाही माहीत नव्हते.

अकलोलीला गर्दी होती. बायकांची जागा मधे भिंत घालून वेगळी केलेली. गाडी रस्त्यात उभी होती म्हणून मागून हॉर्न सुरू झाले, तेव्हा दादा म्हणाला, "तुमी यांना घेऊन उतरा पाण्यात, मी गाडी लावून आलोच," आणि गेला. हे त्याने केंजीला मराठीतच सांगितलं आणि केंजीने मान डोलावली. मी बायकांच्या बाजूला भिंतीलगत पायरीवर पाय पाण्यात सोडून बसले. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

पलीकडे माणसं गप्पा मारत होती, कुणी पोरांना ओरडत होतं, कुणी 'हर हर महादेव' म्हणत डुबकी मारत होतं. त्यात मला केंजीचा आवाज आला. तो मराठी बोलत होता.

"बाबा. पानी गरम हाय."

मी कान टवकारले. 'आहे' नव्हे, 'हाय'. वहिनीचं मराठी.

"चला," बाबांचा आवाज.

"चला? कुठे?"

मग शांतता. आमच्या घरात त्या जागी आम्ही तिघं तुटून पडलो असतो. केंजीकडे पुढचा शब्दच नव्हता, तो गप्प राहिला. मी भिंतीवरून ओरडणार होते, 'बाबा, पायरीवर बसा म्हणताय का?' तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात धपकन आवाज आला आणि पाठोपाठ केंजी ओरडला. आधी जपानीत, "मदत करा, मदत करा!" ते तिथे कुणाला कळणार? शेवाळावरून बाबांचा पाय घसरला होता. केंजीने त्यांना काखेतून धरलं होतं, पण ओलं अंग निसटत होतं, आणि लोकांना वाटलं दोघं पाण्यात खेळताहेत. मी उठून धावले, तर मधे भिंत. दाराकडे वळसा घालून जायला लागणार होतं.

आणि मग केंजी, ज्याने वीस वर्षांत परक्या माणसाला साधा पत्ता विचारलेला मी पाहिला नाही, तो सगळा जोर लावून ओरडला, "चला! चला! चला!"

बाबांचाच शब्द. गेले कितीतरी दिवस घरात त्याने सगळ्यात जास्त ऐकलेला. माणसं वळून बघू लागली. कुणी विचारलं, "ओ भाऊ, कुठं चला?"

आणि बाबांचा आवाज आला. चिडलेला, अडखळलेला, पण त्यांचा.

"च... चला न्हाय. ध... धरा!"

मग पाणी उडाल्याचे आवाज, "अरे धर, धर त्यांना", "हात दे", "बसवा इथं". मी दारातून आत पोहोचले तेव्हा दोघा-तिघांनी बाबांना पायरीवर बसवलं होतं. खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. केंजी त्यांच्यासमोर कमरेइतक्या पाण्यात उभा होता. बाबा त्याच्याकडे बोट दाखवत मान हलवत होते, जशी ते पूर्वी टेम्पोला धक्का देणाऱ्या अडाणी पोरांकडे बघून हलवायचे. "न्हाय. चला न्हाय. धरा."

"धरा," केंजी म्हणाला.

"हां."

मला रडायला येत होतं, आणि भोवती सगळे पुरुष उघडे, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

नंतर बाहेर टपरीवर कांदाभजी खाताना केंजी मला म्हणाला, "त्यांनी मला दुरुस्त केलं." असं म्हणाला, जणू काही त्याला बक्षीस मिळालं. दादा गाडी लावून येईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याला आम्ही तिघांनीही सांगायचा प्रयत्न केला, आणि बाबा पुन्हा "चला, चला" वरच आले, त्यावर ते भजी टाकून उठले. एका शब्दाने सगळं बदललं, असं काही झालं नाही.

पुन्हा अंजूर

पण दुसऱ्या दिवसापासून बाबा केंजीची वाट बघू लागले. सकाळी तो खाटेजवळ स्टूल ओढून बसायचा आणि हाताला येईल त्याला मराठीत काहीतरी म्हणायचा. सगळं चुकीचं. मिठाला पाय, पायाला पानी. मुद्दाम चुकतोस का, असं मी त्याला विचारलं तर तो दुखावला. "मी पाठ करतोय," म्हणाला. बाबा डोळे वटारायचे, हात झटकायचे, शब्द शोधायचे. कधी मिळायचा, कधी नाही. नाही मिळाला की केंजी तसाच बसून राहायचा. मला बाजूच्या खोलीत ते मौन सहन व्हायचं नाही. मी वालाच्या शेंगा सोलायला मागच्या अंगणात जाऊन बसायचे.

एक दिवस दादा दोघांना पडघ्याच्या बाजारात घेऊन गेला. मला चल म्हणाले, मी नाही म्हटलं. घर रिकामं झालं. वहिनीही शेजारी गेली. मी ओट्यावर चटई टाकून आडवी झाले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. कुणाचंही कुणाला काही सांगायचं नव्हतं. किती वर्षांनी अशी झोपले ते आठवत नाही. ते परत आले तेव्हा केंजीच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी होती. ती त्याने स्वतः घेतली होती. महाग घेतली होती, असं वहिनीने त्याला लगेच मराठीत सुनावलं. तो "हाय, हाय" म्हणाला. ते जपानी होतं की मराठी, कुणाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं. आम्ही वालाच्या शेताच्या बांधावर बसलो होतो.

"मी तुझ्याबरोबर परत येत नाहीये. इथेच थांबते."

"बाबांसाठी?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. "बाबांसाठीही. पण मी दमलेय. मला तिकडे बोलायचा कंटाळा आलाय."

तो शेंगा बघत राहिला. "माझ्याशीसुद्धा?"

"तुझ्याशी जास्त. बाहेर मी काम म्हणून बोलते. घरी बोलताना मला प्रत्येक वाक्याआधी धास्ती वाटते, की आता कुठलं अक्षर चुकेल."

"पहिल्या वर्षी तूच सांगितलं होतंस, चुकले तर सांग म्हणून."

"हो. पहिल्या वर्षी."

"तू मग कधी थांब म्हणाली नाहीस."

"नाही म्हणाले."

त्याने एक शेंग तोडून सोलली. मग त्याने विचारलं, "तुझे बाबा मला दिवसभर दुरुस्त करतात. मला त्यात काही वाटत नाही. तुला का वाटतं?"

त्याला आठवड्याने परत जायचं होतं, तो तिथे पाहुणा होता, बोंबील महाग घेऊन सगळ्यांना हसवू शकत होता. मला तिकडे जन्म काढायचा आहे. हे मी नंतर फोनवर सांगितलं. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "माहीत नाही." अंधारायला लागलं तसे आम्ही उठलो.

ठरल्या तारखेला तो एकटाच गेला. विमानतळावर त्याला सोडायला दादा गेला होता. परत आल्यावर हसत सांगत होता, की आत शिरताना दारावरच्या शिपायाने केंजीला इंग्रजीत काहीतरी विचारलं, आणि केंजीने छाती पुढे काढून सांगितलं, "पानी न्हाय!" बाटली रिकामी आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

निघताना

मी होळीपर्यंत राहिले. भाषेचा थकवा गेला असं मी म्हणणार नाही. गावातही मला दुभाषीच करून टाकलं होतं. दवाखान्यातल्या बाईंचं बोलणं दादाला, दादाचं बाबांना. पण मी हळूहळू 'हाय' म्हणू लागले. आधी मुद्दाम, मग सवयीने. जनाकाकूने एकदाही हसून दाखवलं नाही, त्यावरून समजले की बरं जमत असावं.

बाबांचे शब्द वाढले. मीठ, पाय, धरा, नको, रिक्षा, आणि एक कचकचीत भिवंडीतली शिवी, जी ऐकून युसूफचाचांनी पेढे वाटले. काही दिवस एकही शब्द यायचा नाही. बाई म्हणाल्या, हे असंच चालेल, आणि कदाचित एका ठिकाणी थांबेलही. रविवारी केंजीचा फोन यायचा. पडद्यावर दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. मधेच कुणीतरी एक शब्द टाकायचा. वहिनी म्हणायची, "येवडं काय बोल्तात?" बोलत तर काहीच नव्हते.

मग एका रविवारी बाबा दमून झोपले आणि फोन माझ्या हातात आला. केंजी म्हणाला, "मी आता तुला दुरुस्त करू की नको? मला खरंच माहीत नाही."

"मी विचारलं तर कर," मी म्हणाले. "नाही विचारलं तर चुकीचं राहू दे."

"ते मला अवघड जाईल."

"जाऊ दे."

तो हसला. मी परतीचं नवं तिकीट काढलं. त्याच्यावर एकदम प्रेम उतू गेलं असं काही नाही. माझं काम तिकडे होतं, घर तिकडे होतं, आणि हा माणूस निदान विचारत होता.

निघायच्या सकाळी दारात रिक्षा उभी होती. दादाने बॅगा चढवल्या. मी बाबांच्या पाया पडले. ते खाटेवरून उठून, वहिनीच्या खांद्याला धरून, ओट्यापर्यंत चालत आले होते. झटका आल्यापासून त्यांना माझं नाव कधी घेता आलं नव्हतं. मला 'मनी' म्हणतात सगळे, दोन अक्षरं. आता ते प्रयत्न करत होते. ओठ जुळवत होते, सोडत होते. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, धूळ उडाली. कुणी काही बोललं नाही. दादा नाही, वहिनी नाही. ओट्यावर आलेल्या जनाकाकूनेसुद्धा पदर तोंडाशी धरला. आम्ही सगळे थांबलो होतो.

"शे..." बाबा म्हणाले. "शे... शेवंता."

शेवंता माझ्या आईचं नाव. तिला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. शब्द बरोबर सापडल्याचा, पोहोचल्याचा आनंद होता तो. त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं, अजिबात न अडखळता, "शेवंता. संबाळून जा."

मी कुणाकडेही पाहिलं नाही. "हां," म्हणाले, "जाते," आणि रिक्षात बसले.